उलटे टांगून घेण्यापूर्वी

पंचांगाप्रमाणे नागपूरच्या माणसाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. प्रत्यक्षात ते कूलर काढायच्या दिवशी सुरू होते. होळी झाली, दुपारचे ऊन डोळ्यांत खुपू लागले की गच्चीवर ताडपत्रीखाली झोपलेले कूलर घरोघरी खाली उतरतात. जुन्या ताट्या फेकायच्या, टाकीचा गंज खरवडायचा, पंप चालतो का ते पाहायचे आणि तो लोखंडी देह खिडकीपाशी स्टँडवर चढवायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हा सगळा उद्योग मी एकट्याने केला. हाताखाली कुणी येईपर्यंत थांबा, असे सौ. दोनदा म्हणाली. मी थांबलो नाही. कमरेत वाकून कूलर उचलला, तसाच उजवीकडे वळलो आणि पाठीत सुरी खुपसावी तशी चमक निघाली. कूलर स्टँडवर गेला; मी मात्र फरशीवर.

पाठ दुखू लागली की घरात सल्ल्यांना तोटा राहत नाही. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला आणून दिला, मेहुण्याने कमरेचा पट्टा आणला. एकाने कडक जमिनीवर झोपायला सांगितले, दुसऱ्याने मऊ गादीवर. माझी आई असती तर तिने पायाळू माणूस शोधून आणला असता. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. महालातल्या आमच्या वाड्यामागच्या गल्लीत अशी एक आजी राहत असे. सकाळी तिच्या ओसरीवर माणसे पालथी पडत आणि ती भिंत धरून एकेकाच्या पाठीवरून पाय फिरवी. उठताना लोकांचे चेहरे खुललेले मी लहानपणी पाहिले आहेत. उलट्या जन्मलेल्या माणसाने पाठ बरी करायची, याची तेव्हा गंमत वाटे. पुढे पाठीसाठी आपणच उलटे होऊ, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

मी रीतसर धंतोली गाठली. डॉक्टरांनी तपासले, पाय उचलून पाहिले, अंगठ्यातली ताकद पाहिली, एमआरआय करवून घेतला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती मागे सरकून नसेला टेकली होती. मणक्यांमधल्या या चकत्या म्हणजे बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर. वाकून, वळून, वजन उचलले की सगळा दाब कड्याच्या मागच्या भागावर येतो आणि ते एखाद्या जागी हार खाते. मी फिल्म पाहून घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "फिल्मला घाबरू नका. तुमच्या वयाच्या धडधाकट माणसांचे फोटो काढले तरी बहुतेकांच्या चकत्या झिजलेल्याच दिसतील." पुढे मी वाचले, ते खरेच होते. कसलीही पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजल्याच्या खुणा होत्या. म्हणजे चकती झिजली म्हणून पाठ दुखतेच असे नाही.

थोड्या गोळ्या, दोन दिवस विश्रांती, मग रोज चालणे आणि एका कागदावर चित्रांसकट छापलेले सहा व्यायाम, एवढाच उपचार मिळाला. बहुतेकांना सहा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला. तिथे तो फार छान दिसत असे.

पाच महिने गेले. दुखणे गेले नाही; आल्यागेल्या पाहुण्यासारखे येत-जात राहिले. व्यायाम एकदाही सलग आठवडाभर झाले नाहीत. पण फोनवर मुलाशी बोलताना "सगळे करून पाहिले" असे मी अगदी मनापासून सांगितले. मुलगा बंगळुरूला. त्याला दुःख झाले आणि आजच्या मुलांचे दुःख जसे व्यक्त होते तसे ते व्यक्त झाले. आठवड्याभरात दारात एक भले मोठे खोके येऊन पडले. त्यावर लिहिले होते, 'जड वस्तू. दोन माणसांनी उचलावी.' पाठदुखीवरचा उपाय उचलायलाच धडधाकट पाठीची दोन माणसे लागणार होती!

ते 'इन्व्हर्शन टेबल' होते. सोप्या मराठीत सांगायचे तर माणसाला उलटे टांगायची फळी. एका लोखंडी चौकटीवर तराजूच्या दांडीसारखी मधोमध तोललेली फळी असते. तिच्यावर पाठ टेकून उभे राहायचे, घोटे गादी लावलेल्या चिमट्यात अडकवायचे आणि हात हळूहळू डोक्यावर न्यायचे. हातांच्या वजनाने डोके खाली जाते, पाय वर येतात. हात पुन्हा छातीवर आणले की माणूस सरळ होतो. किती अंशांवर थांबायचे ते एका पट्ट्याने ठरवता येते. तोल मात्र उंचीच्या मापावर अवलंबून असतो. आपल्या उंचीच्या आकड्यावर दांडी अडकवली तरच फळी आपले ऐकते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

दिवाण बाहेरच्या खोलीत गेला आणि दिवाणखान्यात यंत्र विराजमान झाले. पहिल्या दिवशी सौ. फळी धरून उभी राहिली आणि मी जेमतेम तीस अंशांत कललो. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. घोट्यांपासून कमरेपर्यंत कुणीतरी हलक्या हाताने ओढते आहे, असे वाटत होते. दोन मिनिटांनी उतरलो तेव्हा पायातल्या मुंग्या थांबल्या होत्या. तासाभराने त्या परत आल्या, पण तो एक तास पाच महिन्यांत मिळाला नव्हता. लहानपणी सूरपारंब्या खेळताना वडाला उलटे लोंबकळत होतो, त्यानंतर प्रथमच जग खालून वर पाहिले.

या आरामामागचे शास्त्र काही अवघड नाही. उभे असताना आणि बसले असताना धडाचे ओझे कमरेच्या चकत्यांवर असते, आडवे झाले की ते हलके होते. म्हणून सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात. फळीवर उलटे झाले की ओझ्याची दिशाच बदलते. त्यासाठी पूर्ण उलटे व्हायचीही गरज नसते. तीस अंशांच्या कलावर वजनाची निम्मी ओढ मिळते, साठ अंशांवर सुमारे ८७ टक्के. उरलेल्या १३ टक्क्यांसाठी वटवाघूळ व्हायचे काहीच कारण नाही. मी मात्र झालो. दीड महिन्यात मला इतका आत्मविश्वास आला की कोन ठरवणारा पट्टा मी काढूनच ठेवला.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला प्रात्यक्षिक दाखवू लागलो. अंबाझरीच्या उद्यानात सकाळी फिरायला येणारी मंडळी 'वटवाघूळ' पाहायला घरी येऊन गेली. "भाऊ, माझीबी कंबर लय दुखून राहिली, एक डाव लटकून पाहू काय?" असे विचारणारे एक गृहस्थ तर रक्तदाबाची गोळी खिशात घेऊन फिरणारे होते. त्यांनाही मी चढवले! काही झाले नाही, हे त्यांचे आणि माझे नशीब. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

उलटे होण्याची ही ओढ नवी नाही. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर सांध्यांविषयीचा एक ग्रंथ आहे. पाठीला बाक आलेल्या रुग्णाला शिडीला बांधून, शिडी उंचावरून खाली सोडून हिसका द्यायची रीत त्यात सांगितली आहे. काही रुग्णांना डोके खाली करून. गंमत अशी की, या रीतीने कुणी सरळ झाल्याचे आपल्याला ठाऊक नाही आणि गर्दीला तोंडात बोट घालायला लावू पाहणारे वैद्यच ती वापरतात, असेही लिहिणाऱ्याने तिथेच नोंदवून ठेवले आहे. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आजच्या जाहिरातींत शोधून सापडायचा नाही. अमेरिकेत घोट्यांना बूट अडकवून लोंबकळायची लाट आली, तिला १९८० सालच्या एका चित्रपटाने हातभार लावला. त्यात रिचर्ड गेर हा देखणा नट असाच उलटा लटकलेला दिसतो. बूट मागे पडले, फळी आली.

आपल्याकडे तर शीर्षासन आणि विपरीतकरणी घरोघरी ऐकून माहीत. नागपूरला तर विशेषच. रामनगरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून या गावाला विनामूल्य योग शिकवीत आले आहे. म्हणून पुष्कळांना वाटते की फळी म्हणजे यंत्राने घातलेले शीर्षासन. तसे नाही. शीर्षासनात शरीराचा भार डोक्यावर, मानेवर आणि हातांवर येतो. फळीवर तो घोट्यांना लटकतो. एकात मान दाबली जाते, दुसऱ्यात पाठ ओढली जाते. आणि दोन्हींतला मोठा फरक वेगळाच आहे. हठयोगप्रदीपिकेने विपरीतकरणी सांगताना पहिल्या दिवशी क्षणभर आणि मग रोज थोडे थोडे वाढवत जा, असे बजावले आहे. आसन शिकायला गुरू लागतो आणि शरीर तयार नसेल तर ते जमतच नाही. फळीवर तो अडसर नाही. जे शरीर तयार नाही, त्यालाही फळी अर्ध्या मिनिटात उलटे करते.

विज्ञान काय म्हणते? इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे २०१२ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच चकती सरकलेले आणि शस्त्रक्रियेच्या यादीत असलेले रुग्ण त्यात होते. फळी आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्या १३ जणांपैकी १० जणांची शस्त्रक्रिया टळली. नुसत्या व्यायामाच्या गटात ती दोघांचीच टळली. आकडे आशादायक, पण माणसे मूठभर. दुसरीकडे, पाठ ताणायच्या सर्व प्रकारच्या उपचारांवरील ३२ चाचण्या आणि त्यांतील २,७६२ रुग्ण यांचा एकत्र आढावा २०१३ साली घेतला गेला. त्यात अशा ताणाचा दुखण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही पट्टे आणि ट्रॅक्शन नित्य वापरू नयेत, व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर द्यावा, असेच म्हटले आहे. भार काढला की दुखणे जाते, हा हिशेब इतका सरळ असता तर अंतराळवीरांच्या पाठी जगात सगळ्यांत सुखी असत्या. तिथे पाठीवर ओझेच नाही, उंचीही तीन टक्क्यांपर्यंत वाढते. तरीही अनेक अंतराळवीरांची पाठ पहिल्या दिवसांत दुखते आणि पृथ्वीवर परतल्यावर चकती सरकण्याचा धोका त्यांना जास्तच असतो. पाठीला भार नको असतो असे नाही. तिला तो पेलायची ताकद हवी असते.

हे सगळे मी नंतर वाचले. आधी काय झाले ते सांगतो.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. दुपारचे तीन वाजले असतील. सौ. भिशीला गेली होती. मी नेहमीप्रमाणे फळीवर चढलो, घोटे अडकवले आणि हात वर नेले. एरवी फळी डुलत डुलत कलते. त्या दिवशी ती एका झटक्यात उलटली. डोके थेट खाली, पाय छताकडे. सवयीने हात छातीवर आणले. फळी ढिम्म हलली नाही. चौकट धरून अंग वर ओढायला गेलो तर पाठीत जुनी चमक निघाली. घोट्यांचे चिमटे सोडवायचे तर पायांपर्यंत हात पोचायला हवेत, आणि ज्याचे पोट व्यायामाविना सुटलेले, त्याचे हात तिथवर कसे पोचणार? तोंड तापले, कानांत घूं घूं सुरू झाले. मोबाइल खिशातून पडून फरशीवर सरकत गेला होता. तो दिसत होता, हाताला लागत नव्हता.

कामाच्या मावशी भांडी घासायला आल्या म्हणून मी आज हे लिहितो आहे. दारातूनच त्या ओरडल्या, "अवं बापा बापा! साहेब उलटे काहून झाले जी?" मी त्यांना फळीचे वरचे टोक खाली ओढायला सांगितले आणि सरळ झालो. फार तर सात-आठ मिनिटे गेली असतील. अर्धा तास मी जमिनीवर पडून होतो, आणि मावशी पदराने वारा घालीत कुणाकुणाला फोन करायचा ते विचारीत होत्या.

सौ. आली. तिने आधी मला पाहिले, मग यंत्राकडे पाहिले. दांडीच्या आकड्यावर तिची नजर गेली आणि ती मटकन खाली बसली. "मी तुमचं माप परत करायला विसरले हो," ती म्हणाली.

माझी उंची पाच फूट दहा इंच, तिची पाच फूट एक. तिच्या मापावर मी चढलो, म्हणजे माझे धड तोलाच्या फार वर गेले आणि डोक्याकडची बाजू जड झाली. फळीने तिचा धर्म पाळला. पण तिचे माप तिथे आले कुठून? महिनाभरापासून, मी दुपारी वाचनालयात गेलो की सौ. एकटीच फळीवर चढत होती. पट्टा मीच काढून ठेवलेला. तिची कंबर नऊ वर्षांपासून दुखत होती.

"मला कसं कळलं नाही?" मी विचारले.

"कळायला काय, सकाळी उठताना मी पलंगाची दांडी धरून उठते, ते तुम्हाला दिसत नव्हतं का? तुमच्या पाठीला यंत्र आलं. मला वाटलं, घरात आलंच आहे तर आपलीही पाठ मोकळी करून घ्यावी. एवढ्यासाठी डॉक्टरकडे कशाला जायचं?"

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझी पाठ पाच महिने दुखली तर एमआरआय झाला, पट्टा आला, बंगळुरूहून यंत्र आले. तिची नऊ वर्षे दुखली, तर बामाची बाटली तेवढी दर महिन्याला संपत होती. तीही मला माझ्यासाठीच आणलेली वाटे.

दुसऱ्या दिवशी दोघेही त्याच डॉक्टरांकडे गेलो. माझे काही बिघडले नव्हते. सौ.चा रक्तदाब वरचा १७०, खालचा १०० निघाला. कधीपासून होता कोण जाणे, चार वर्षांत तो कुणी मोजलाच नव्हता. हाडांची घनता तपासली, तर हाडे बरीच विरळ झालेली. डॉक्टर एरवी मितभाषी. त्या दिवशी ते दोन्ही कोपर टेबलावर ठेवून म्हणाले, "या बाई महिनाभर रोज उलट्या लटकत होत्या आणि काही झालं नाही, याबद्दल देवाला नारळ फोडा. पण पुन्हा नाही."

त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घराला ठाऊक असावे म्हणून इथे देतो. डोके खाली गेले की डोक्याकडचे रक्त वाढते आणि डोळ्यांतला दाबही वाढतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या तज्ज्ञांनी २००६ साली शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आसनाच्या काळात डोळ्यांतला दाब दुपटीवर गेलेला दिसला. निरोगी डोळा तेवढ्यापुरते ते सोसतो; काचबिंदूचा डोळा सोसेलच असे नाही. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात, काचबिंदू, दृष्टिपटलाचा आजार, हाडांचा ठिसूळपणा, पोटातला हर्निया, छातीत अन्न उलटून येण्याचा त्रास, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय या फळीला हात लावू नये. आणि काचबिंदू, रक्तदाब, ठिसूळ हाडे हे तिन्ही आजार न बोलता येणारे. 'मला काही नाही' असे छातीठोक सांगणाऱ्यालाही ते असू शकतात.

दुसरी गोष्ट पाठीची. पाठदुखीमागे दर वेळी चकतीच असते असे नाही. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. आपल्या देशात तो अजून गेलेला नाही. पायातली ताकद जाऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर कुठलेही यंत्र, पाला, पट्टा न पाहता त्याच दिवशी मेडिकल म्हणा, मेयो म्हणा, जवळचे रुग्णालय गाठायला हवे. तिथे तासांचा प्रश्न असतो.

मग ही फळी वाईटच का? मी तसे म्हणणार नाही. माझ्या पायातल्या मुंग्या तिने तासभर का होईना थांबवल्या आहेत. तपासणी करून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, रिकाम्या पोटी, पट्टा लावून, तीस अंशांत दोन मिनिटे, जवळ एक जागे माणूस असताना कुणी ती वापरली तर माझी हरकत नाही. चढण्यापूर्वी आपल्या उंचीचे माप पाहावे आणि उठताना सावकाश उठावे, म्हणजे घेरी येत नाही. माझी हरकत आहे ती तिच्याकडे औषध म्हणून पाहायला, आणि औषधाला असते ती शिस्त मात्र तिला न लावायला. गोळ्यांच्या चिठ्ठीवर निदान एका माणसाचे नाव असते. यंत्रावर कुणाचेच नाव नसते. ते दिवाणखान्यात आले की सगळ्या घराचे होते: आजोबांचे, सुटीत आलेल्या नातवंडांचे, शेजाऱ्यांचे आणि दुपारी एकटीच घरी असलेल्या बाईचे. म्हणून यंत्र मागवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला 'तुझी पाठ कशी आहे?' असे विचारले पाहिजे. आमच्या घरात ते यंत्राने विचारले, आणि फार वाईट रीतीने विचारले.

त्यानंतर आम्ही जे केले त्यात सांगण्यासारखे नवल काहीच नाही. स्वयंपाकाचा ओटा सौ.च्या उंचीला फार खाली होता. भांडी घासण्याची जागा त्याहून खाली. गवंड्याकडून दोन्ही चार-चार बोटे उचलून घेतली. नऊ वर्षे ती वाकून जे करीत होती ते आता सरळ उभी राहून करते. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणे बंद करून नळाला लांब पाइप जोडला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की दिवसाला आठ-दहा बादल्या लागत. त्या इतकी वर्षे कोण उचलत होते, हा प्रश्न मी स्वतःला आधी कधी विचारला नव्हता. रक्तदाबाची आणि हाडांची गोळी तिला सुरू झाली. फ्रिजवरचा कागद काढून आम्ही पलंगाशेजारी लावला. सकाळी सहाला दोघेही जमिनीवर सतरंजी टाकून ते सहा व्यायाम करतो. एक चुकवायला लागला तर दुसरा मोजतो. मग चालायला जातो.

आठ महिन्यांत माझी पाठ बरीचशी सावरली. ती व्यायामाने सावरली, की काळाने, की सरकलेली चकती अनेकांची आक्रसते तशी आपोआप आक्रसली, हे मी सांगू शकत नाही. सौ.ची कंबर अजून दुखते, पण पलंगाची दांडी न धरता ती उठते. फळी घडी करून कपाटामागे उभी आहे. चिमट्यांच्या दांडीवर सध्या पावसाळ्यात टॉवेल वाळतात.

या मार्चला कूलर उतरवायला कॉटन मार्केटजवळून दोन तरुण हमाल बोलावले. ते नेहमीच्या सवयीने कमरेत वाकले. मी म्हटले, "गुडघ्यात वाका बाबांनो, पाठ सरळ ठेवा, आणि उचललं की पाय फिरवा, कंबर नाही." दोघे हसले. त्यांतला एक म्हणाला, "काकाजी, दिवसभर पोतेच उचलून राहिलो आम्ही. पाठ तर रोजच दुखते." त्याचे वय जेमतेम पंचवीस. त्याच्यासाठी बंगळुरूहून कुणी यंत्र पाठवणार नव्हते. सौ.ने चहा टाकला. चहा होईपर्यंत मी त्या दोघांना जमिनीवर सतरंजी टाकायला लावली आणि त्या सहांपैकी पहिले दोन व्यायाम शिकवले.